पावडर डे, नऊच्या आत!

रात्रभर वादळ, मांडीपर्यंत ताजा बर्फ आणि नऊ वाजता मीटिंग. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत नोकरदारांची एक जमात आहे, जी हे सगळं एकाच सकाळी जमवते. कसं? आणि कशाच्या जोरावर?

सॉल्ट लेक सिटीतल्या एखाद्या ऑफिसात, वादळी रात्रीनंतर, नऊच्या मीटिंगला बसायची वेळ आली तर एक खेळ खेळून बघा. आज पहाटे डोंगरावर कोण कोण होतं, ते ओळखायचं. फार अवघड नाही. केस हेल्मेटने चपटे झालेले असतात. डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा फिकट पट्टा आणि त्याखाली रापलेले गाल. कॉफीचा मग दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. टेबलाखाली हीटरपाशी दोन लांबलचक पट्टे वाळत पडलेले, त्यांना ओल्या घोंगडीसारखा वास. आणि चेहऱ्यावर? वर्गाबाहेर उभं राहायची शिक्षा झाली आणि तेवढ्यात मैदानावर एक मॅच खेळून आलो, अशा पोराचा भाव!

या मंडळींच्या उद्योगाला तिथे ‘डॉन पेट्रोल’ म्हणतात. पहाटे अंधारात गाडी काढायची, पायाला स्की बांधून डोंगर चढायचा, उजाडता उजाडता ताज्या बर्फातून खाली यायचं आणि आंघोळ करून (किंवा न करताच) ऑफिस गाठायचं. लिफ्ट नाही, तिकीट नाही, रांग नाही. स्की रिसॉर्टच्या लिफ्ट सुरू व्हायला सव्वानऊ वाजतात. तोवर यांचं लॉगइन झालेलं असतं.

‘पागल आहेत झालं!’ असं तुम्ही म्हणणार. म्हणा. पण त्याआधी एक आठवा. जुलैतल्या धो धो पावसात पहाटे पाचला सिंहगड चढून, वर गरमागरम भजी हाणून, नऊला हिंजवडीत हजर होणारे पुणेकर तुमच्याही ओळखीचे असतील. ही त्यांचीच अमेरिकन भावंडं. फरक एवढाच, की सिंहगड सहसा अंगावर कोसळत नाही.

साडेचारचा गजर

माझा मावसभाऊ गेली सात वर्षं सॉल्ट लेक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोथरूडचा मुलगा. बर्फ काय तो लहानपणी रसवंतीत बघितलेला. तिकडे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तो थंडीने वैतागला, दुसऱ्यात स्की शिकला आणि तिसऱ्यात डॉन पेट्रोलवाला झाला. त्याचा गजर साडेचारचा. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, म्हणजे माझ्या चहाची वेळ. त्यामुळे त्याचा दिवस सुरू होताना आमचं बरेचदा फोनवर बोलणं होतं. ‘काय दादा, आज?’ ‘चाळीस सेंटिमीटर!’ आवाजात दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचा उत्साह.

हा आकडा त्याला अंथरुणातच कळतो. अल्टाच्या स्की रिसॉर्टवर बर्फात एक मोजपट्टी रोवून तिच्यावर कॅमेरा लावलेला आहे. रात्री किती पडलं, ते मोबाइलवर सेंटिमीटरच्या हिशोबात दिसतं. (तिथे खरं तर इंचाच्या, पण दादा अजून सेंटिमीटरवालाच राहिलाय.) त्यानंतर दुसरी खिडकी उघडायची, ती युटा ॲव्हलांच सेंटरची. ही संस्था १९८० पासून हिमप्रपाताचा रोजचा अंदाज देते आणि पहाटेच्या या गड्यांसाठी भल्या पहाटे फोनवर एक खास छोटा अंदाजही रेकॉर्ड करून ठेवते. अख्ख्या शहरात कोणाचा आवाज सगळ्यांत आधी ऐकला जात असेल, तर तो या फोनवरच्या माणसाचा.

भूगोलच असा आहे, की मोह आवरू नये. सॉल्ट लेक सिटी साधारण १,३०० मीटर उंचीवर आणि शहराच्या पूर्वेला भिंतीसारखी उभी वासाच पर्वतरांग. त्या भिंतीत शिरणाऱ्या दोन घळी, बिग कॉटनवुड आणि लिटल कॉटनवुड. लिटल कॉटनवुडच्या टोकाला अल्टा, पायथ्याचीच उंची २,६०० मीटर. शहरातून निघालात, रस्ता मोकळा असला, तर पाऊण तासात तिथे. इतकं मोठं शहर, इतक्या नोकऱ्या आणि इतका बर्फ हे सगळं एकमेकांना इतकं खेटून असलेली जागा जगात विरळाच. म्हणूनच २००२ चं हिवाळी ऑलिंपिक इथे झालं आणि २०३४ चंही इथेच होणार आहे.

गिर्यारोहणाचं सामान बनवणारी ब्लॅक डायमंड ही कंपनीही याच शहरातली, १९९१ मध्ये इथे आली. तिथे डिझायनर असलेल्या अँड्र्यू मॅक्लीनने वासाचमधल्या उभ्या, अरुंद घळयांमधून स्की करण्यावर १९९८ मध्ये ‘द शूटिंग गॅलरी’ नावाचं पुस्तक काढलं. ऑफिसआधी डोंगर, ही या मंडळींची शिस्तच. नवं सामान पहाटे वापरायचं आणि दहा वाजता त्याच्या चुका ड्रॉइंगवर दुरुस्त करायच्या! याला म्हणतात वर्क फ्रॉम डोंगर.

बर्फ बर्फ म्हणजे काय, तर...

‘पावडर’ म्हणजे नेमकं काय? आपल्या मनालीच्या फोटोतला बर्फ असतो तो बहुतेकदा तुडवलेला, वितळून पुन्हा गोठलेला. चपलेखाली करकर वाजणारा. पावडर म्हणजे नुकता पडलेला, कोरडा, हलका बर्फ. मुठीत घेऊन लाडू वळायला जा, वळणारच नाही. फुंकर मारली की उडेल. अल्टाला पडणाऱ्या बर्फात सरासरी जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, बाकी हवा. म्हणजे मीटरभर थर वितळवला तर हाती आठ-नऊ सेंटिमीटर पाणी.

आणि पडतो किती? अल्टाची वर्षाची सरासरी साडेतेरा मीटरच्या आसपास. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर विक्रमच झाला, ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर. सातमजली इमारत! पण गंमत बघा. ८ टक्क्यांचा हिशोब लावला तर या सात मजल्यांचं पाणी दोन मीटरच्याही आत बसतं. मुंबईत एका सरासरी पावसाळ्यात याहून जास्त पाणी पडतं. आपल्याकडे ते गटारातून वाहून जातं, तिकडे त्यावरून माणसं तरंगत खाली येतात.

तरंगतात हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पृथ्वीवरचा सर्वोत्तम बर्फ आमचाच, अशी जाहिरात असते. युटा विद्यापीठातले हवामानाचे प्राध्यापक जिम स्टीनबर्ग यांनी या दाव्यावर २०१४ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, नुसता हलका बर्फ असून भागत नाही. फारच हलका असला तर स्की थेट खालच्या टणक थरावर आपटते. इथली बरीच वादळं सुरुवातीला जरा उबदार असतात, तेव्हा थोडा जड बर्फ पडतो. मग थंडी वाढते आणि वर हलका हलका थर बसत जातो. खाली गादी, वर पिसं! स्की त्या गादीवर तोलली जाते आणि पिसांमधून माणूस जातो. शेजारच्या खाऱ्या सरोवराची वाफही काही वादळांना हात देते. मीठ इतकं, की सरोवर थंडीतही गोठत नाही. पण सगळं श्रेय सरोवराला देण्याची जी स्थानिक सवय आहे, ती शास्त्रज्ञांना मान्य नाही. त्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. शिवाय ते सरोवरही आटत चाललंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या पाण्याने नोंदीतली सर्वांत खालची पातळी गाठली होती.

काळोखातली रांग

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी दादाकडे गेले होते. स्की मला येत नाही, त्यामुळे माझ्या पायात स्नोशूज, म्हणजे टेनिस रॅकेटसारखे पसरट बूट. सोबतीला वहिनी, तीही स्नोशूजवाली. दादा आणि त्याचे दोन मित्र स्कीवर. बिग कॉटनवुडमध्ये रस्त्याकडेला गाडी लावली तेव्हा साडेपाच वाजलेले. वायपर एकसारखे फिरत होते. हेडलाइटच्या उजेडात बर्फ आडवा पडत होता. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी वेळेवर पोचले होते आणि बाहेर पडायची अजिबात इच्छा नव्हती.

चढताना स्की मागे घसरत का नाही? मला हा प्रश्न कायमचा पडलेला. उत्तर म्हणजे ते ऑफिसातले वासाचे पट्टे. त्यांना ‘स्किन’ म्हणतात. पूर्वी सीलच्या कातड्याचे असत, आता नायलॉनचे किंवा मोहेरचे. स्कीच्या तळाला गोंदाने चिकटवायचे. केस एकाच दिशेला असतात, मांजराच्या पाठीसारखे. पुढे सरकवलं तर गुळगुळीत, मागे ओढलं तर अडतात. बुटाची टाच मोकळी ठेवायची आणि पाय उचलण्याऐवजी नुसता पुढे सरकवत राहायचं. डोंगर चढला की स्किन फाडून काढायचे, टाच पक्की करायची आणि खाली.

निघण्याआधी एक विधी झाला. प्रत्येकाच्या छातीशी बांधलेला छोटा ट्रान्समीटर, बीकन, चालू आहे ना ते एकमेकांच्या जवळून चालत जाऊन तपासलं गेलं. जगभरचे सगळे बीकन एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलतात, ४५७ किलोहर्ट्झ. एखादा बर्फाखाली गाडला गेला, तर बाकीच्यांनी आपले बीकन शोधण्याच्या मोडवर टाकायचे, आवाजाच्या मागे जायचं, घडीच्या लांब काठीने टोचून माणूस नेमका कुठे आहे ते बघायचं आणि फावड्याने उकरायचं. हातात वेळ किती? साधारण पहिली दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. तोवर हेलिकॉप्टर येत नाही, पोलीस येत नाहीत. जे काही आहे ते आपले तीन मित्र.

मला हे माहीत होतं, वाचलं होतं. पण वहिनीने माझ्या जॅकेटची चेन खाली ओढून बीकनचा दिवा लुकलुकतोय की नाही ते स्वतः बघितलं, तेव्हा पोटात काहीतरी झालं.

चढ संथ होता. पुढचा माणूस वाट पाडतो, तिला ट्रॅक म्हणतात, आणि ताज्या बर्फात ते काम इतकं दमवणारं की दहा-दहा मिनिटांनी पुढचा मागे जातो, सायकल शर्यतीसारखा. कुणी बोलत नाही. डोक्यावरच्या दिव्याचा पिवळा गोळा, त्यात पडणारा बर्फ आणि आपलाच श्वास. पाऊण तासाने आम्ही झाडांमधल्या एका सपाट मोकळ्या जागी पोचलो. वर कुठलाच उभा उतार नाही, याची खात्री करून दादाने आम्हा दोघींना तिथे थांबवलं. ‘आठच्या आत इथे परत,’ म्हणाला आणि तिघंही झाडांत दिसेनासे झाले.

वहिनीचा नियम

थर्मासमधला चहा (आलं घातलेला, बरं का!) ओतता ओतता वहिनीने मला ६ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट सांगितली. शनिवार होता. इथून जवळच, मिलक्रीकच्या वरच्या भागात विल्सन ग्लेड नावाचा उतार आहे. तिथे त्या दिवशी दोन वेगवेगळ्या गटांतले आठ जण हिमप्रपातात सापडले. चौघं वाचले, त्यांनी बाकीच्यांना उकरून काढलं. पण चौघं गेले. चौघंही विशी ते तिशीच्या मधले. सगळ्यांकडे बीकन होते, फावडी होती, प्रशिक्षण होतं.

दादा त्या दिवशी दुसऱ्याच डोंगरावर होता. पण बातमी फुटली तेव्हा नावं नव्हती, फक्त ‘चार स्कीअर’ एवढंच. आणि घळीत मोबाइलला रेंज नसते. ‘दोन तास,’ वहिनी म्हणाली. ‘कुकर लावला होता. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. खालचं भांडं जळलं.’ एवढंच सांगितलं तिने, पुढचं काही नाही. भांडं अजून घरात आहे, मी बघितलंय.

तेव्हापासून त्यांच्या घरात नियम आहे. निघताना उताराचं नाव लिहून पाठवायचं. ठरवलेला उतार आयत्या वेळी बदलायचा झाला, तर फक्त सोप्या बाजूला बदलायचा. तिघांपैकी एकजण जरी नको म्हणाला, तर नको, कारण विचारायचं नाही. आणि सव्वाआठला ‘खाली’ हा एक शब्द व्हॉट्सॲपवर. जास्त काही नको. स्मायली तर नकोच.

त्या शनिवारी झालं काय होतं, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कोरडी थंडी राहिली, तर जमिनीलगतच्या त्या पातळ थराचं रूप बदलतं. त्याचे सुटे, कोनदार दाणे होतात. भरड साखर डब्यात ओतावी तसे. एकमेकांना धरून राहतच नाहीत. मग वादळ येतं आणि त्या साखरेवर एक जाड, सलग लादी बसवून जातं. वरून सगळं सुंदर दिसतं. पण लादी साखरेवर टेकलेली आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर कुणी तिच्यावरून गेलं, खालची साखर दबली, की लादी तडकते आणि अख्खीच्या अख्खी सुटते. विल्सन ग्लेडचा उतार काही कडा नव्हता, तीस अंशांच्या थोडासाच वर होता.

म्हणजे ज्या वादळामुळे हे लोक साडेचारला उठतात, तेच वादळ डोंगर भरून ठेवतं. बर्फ सगळ्यांत छान असतो तेव्हाच तो सगळ्यांत बेभरवशाचा असतो. त्यात घड्याळ! नऊची मीटिंग असते, म्हणून थांबून उताराकडे नीट बघायला, खड्डा खणून थर तपासायला वेळ कमी मिळतो. धोक्याच्या पातळ्या पाच. शेवटच्या दोन असल्या की लोक आपोआप घरी बसतात. जास्त माणसं जातात ती मधल्या तिसऱ्या पातळीच्या दिवशी. ‘बघू, काळजी घेऊ’ म्हणून निघतो, तो दिवस. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात सर्वांत धोकादायक वस्तू ऑफिसचं कॅलेंडर आहे.

आणि मग आले...

पावणेआठच्या सुमारास उजाडलं होतं, पण सूर्य वगैरे काही नाही. सगळं दुधाळ. वादळात उघड्या उतारावर वर-खाली काही कळत नाही, म्हणून या दिवसांत झाडांमधून उतरतात. झाडांच्या काळ्या खोडांमुळे डोळ्याला निदान आधार मिळतो. (झाडांचाही धोका आहेच. सदाहरित झाडांच्या बुंध्याशी फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो. त्यात डोक्यावर पडलं तर एकट्याला बाहेर येता येत नाही.)

आधी आवाज आला. खरं तर आवाज नव्हेच, रेशमी साडीची घडी मोडताना होते तशी सळसळ. मग वरच्या झाडांत एक पांढरा ढग हलला. त्या ढगात मध्येच एक लाल टोपी दिसायची, पुन्हा नाहीशी व्हायची. दादा होता. प्रत्येक वळणाला बर्फ छातीवर आपटून तोंडावरून डोक्यामागे जात होता. श्वास घ्यायला दोन वळणांच्या मधली फट तेवढी मिळते, असं तो नंतर म्हणाला. दोन्ही पाय जवळ, वजन दोन्ही स्कींवर सारखं, आणि सगळं शरीर हळूहळू वर-खाली, झोपाळ्यासारखं. नवशिका घाबरून मागे रेलतो आणि तिथेच फसतो. उतार इतका सौम्य होता, की कडक बर्फावर कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नसतं. आज मात्र तो बरोबर पुरेसा होता.

तिघंही आमच्यापाशी येऊन थांबले. भुवया पांढऱ्या, दात काढून हसतायत. ‘दुसऱ्या बाजूने येणार होतात ना?’ वहिनीने विचारलं.

‘व्हुम्फ झालं,’ दादा म्हणाला.

व्हुम्फ हा त्या आवाजाचाच शब्द. पायाखालचा कच्चा थर एकदम बसतो, तेव्हा आतून येणारा घुमा आवाज. दूरवर कुणी गादी आपटावी तसा. तो ऐकू आला, म्हणजे डोंगर स्पष्ट मराठीत सांगतोय, जाऊ नका. ते ठरवलेल्या उताराच्या माथ्यापासून पन्नास पावलांवर होते. दीड तासाची चढण, वीस सेकंद चर्चा आणि स्की वळवल्या. सगळ्यांत तरुण मित्राचा चेहरा जरा पडलेला होता. वहिनी काही बोलली नाही. तिने दादाच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि उरलेला चहा त्याच्या हातात दिला.

आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही गाडीपाशी. स्किन जॅकेटच्या आत, पोटाशी धरून (गोंद गोठू नये म्हणून). दादाने मागच्या सीटवर पँट बदलली, शर्ट हँगरवर लटकलेला होताच. कारमध्येच एकाने स्टँडअपसाठी लॉगइन केलं, कॅमेरा बंद ठेवून.

लाल साप

येताना समोरून ‘लाल साप’ भेटला. वर जाणाऱ्या गाड्यांच्या टेललाइटची, मैलोन्‌मैल लांब रांग. स्थानिकांनी ठेवलेलं हे नाव. रिसॉर्टला जाणारी सगळी जनता, लिफ्ट सुरू व्हायची वाट बघत. लिटल कॉटनवुडचा रस्ता तर हिमप्रपाताच्या साठेक वाटांखालून जातो. वादळी सकाळी तो बंद ठेवून आधी डोंगरावरचा बर्फ मुद्दाम पाडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्टाला यासाठी चक्क लष्करी तोफा वापरायला सुरुवात झाली. अनेक दशकं सकाळची झोप तोफांच्या आवाजाने मोडायची. अलीकडे मात्र डोंगरावरच टॉवर बसवून दुरून स्फोट घडवतात.

धोका फारच असला तर अल्टात ‘इंटरलॉज’ लागू होतं. म्हणजे इमारतीबाहेर पाऊल टाकणं कायद्याने गुन्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोक सलग दोन दिवसांहून जास्त हॉटेलात अडकले होते. बाहेर दोन मीटर स्वप्न आणि आत आपण पत्ते पिसतोय!

गर्दीवर उपाय म्हणून युटाच्या वाहतूक खात्याने २०२३ मध्ये घळीतून आठ मैलांचा रोपवे बांधायचं ठरवलं. त्यावर शहरात उभी फूट आहे. दादा विरोधात, त्याचा बॉस बाजूने. टीममध्ये या विषयावर बोलायला बंदी आहे, असं तो हसत हसत सांगतो.

बॉसचं निघालंच आहे म्हणून. तिथल्या काही कंपन्यांत पावडर डेला उशिरा यायची अलिखित मुभा असते. दादाच्या ऑफिसात नाही. मी म्हटलं, ‘एवढं आहे तर रजा टाक ना सरळ!’ त्याने माझ्याकडे, मी मिसळीत केचप मागितल्यासारखं बघितलं. ‘रजा टाकून मजा नाही गं. अख्खा दिवस असला की आणखी वर जावंसं वाटतं. नऊची मीटिंग असते म्हणून तर मी खाली येतो.’ वहिनीचं मत नेमकं उलटं आहे. घाई नसती तर तो जास्त नीट बघून चालला असता, असं तिला वाटतं. दोघांचंही खरं असावं. रात्री जेवताना हा वाद पुन्हा निघाला आणि वरणभातावर मिटला, सुटला नाही.

आपल्याकडे?

हे वाचून हात शिवशिवत असतील, तर युटाचा व्हिसा लागणार नाही. गुलमर्ग आहे. तिथली गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफारवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडते आणि पावडरसाठी जगभरचे स्कीअर तिथे येतात. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही होतात. नवख्यांसाठी खालचे सौम्य उतार आहेत आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगचे कोर्स आहेत. उत्तराखंडात औली आहे.

पण वरच्या टप्प्यावर, दोरीपलीकडे एकटं जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफारवतवर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ एक रशियन स्कीअर हिमप्रपातात गेले. तिघंही लांबून, याच बर्फासाठी आलेले. स्थानिक गाइड घ्या, बीकन भाड्याने मिळतो का ते आधी विचारा आणि मिळाला तर तो कसा वापरायचा हे हॉटेलच्या लॉनवर तासभर शिकून घ्या. बर्फाचाही आता भरवसा नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गात जवळजवळ कोरडा गेला, पर्यटक तपकिरी उतारांवर फोटो काढत होते. त्यामुळे बुकिंग शक्यतो जानेवारीअखेर ते फेब्रुवारी धरा आणि तारीख बदलता येईल असं तिकीट काढा. पहिले तीन दिवस तुम्ही फक्त पडणार आहात. पुण्यातून निघताना हातमोज्यांची एक जोडी जास्तीची टाका, पहिली दुपारपर्यंत ओली झालेली असते.